घरचा ॲम्प्लिफायर : किती वॉटचा घ्यावा?

गणपती चार दिवसांवर आले आहेत. मुंबईहून सुटलेली एस.टी. माणगाव, महाड करीत पोलादपूरच्या स्थानकात येऊन थांबते. मखराचे सामान, पिशव्या, पोरांसाठी घेतलेले कपडे असे सगळे उतरवले जाते. सर्वांत शेवटी काका एक मोठे चकचकीत खोके जपून खाली घेतात. खोक्यावर लाल अक्षरांत छापलेले असते, '५००० वॉट पी.एम.पी.ओ.' घरच्या आरतीला, वाडीतल्या भजनाला आणि एरवी रेडिओ-मोबाइलवरची गाणी ऐकायला घेतलेला हा ॲम्प्लिफायर. काकांच्या कित्येक महिन्यांच्या बचतीतून तो आलेला असतो.

समजा, हे तुमच्याच घरी घडले. तुम्ही दहावीत आहात आणि विजेचा धडा नुकताच झाला आहे. खोके उघडल्यावर सगळे जण पुढचे रंगीत दिवे पाहत असताना तुम्ही यंत्र फिरवून त्याची पाठ पाहा. तिथे एक छोटी पट्टी चिकटवलेली दिसेल. तिच्यावर असे काहीतरी लिहिलेले असते : '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ६० वॉट'.

पुढे पाच हजार आणि मागे साठ! यांतले खरे कोणते?

उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. ऊर्जा निर्माण करता येत नाही, तिचे फक्त रूपांतर होते. जे यंत्र भिंतीतून ६० वॉट घेते, ते ६० वॉटपेक्षा जास्त सतत देऊ शकत नाही. तसे झाले असते तर त्याची बाहेर येणारी वीज त्यालाच परत जोडून उरलेल्या विजेवर सारा पोलादपूर तालुका उजळवता आला असता, आणि सह्याद्रीच्या पलीकडे कोयनेचे धरण बांधण्याची गरजच पडली नसती! दुसऱ्या बाजूनेही हिशेब करा. ५००० ला २३० ने भागले तर जवळजवळ २२ अँपिअर येतात. आपल्या घरातला साधा प्लग पाच-सहा अँपिअरचा असतो. इतका प्रवाह गेला तर प्लगच वितळेल.

मग पाच हजार हा आकडा आला कोठून? पी.एम.पी.ओ. हे मोजमाप कसे करायचे, याचा सर्वांनी मान्य केलेला नियमच नाही. क्षणभर, सेकंदाच्या अगदी लहान भागात, जास्तीत जास्त किती शक्ती निघू शकेल याची कल्पना करायची, सगळ्या स्पीकरांची बेरीज करायची आणि तो आकडा छापायचा, असा हा प्रकार आहे. म्हणून खरेदीचा पहिला नियम लिहून ठेवा : पी.एम.पी.ओ. वाचू नका. 'आर.एम.एस.' असे लिहून दिलेली शक्ती वाचा. यंत्र न थकता सतत किती शक्ती देऊ शकेल ते हा आकडा सांगतो. तो कोठेच दिलेला नसेल, तर पाठीवरची पट्टी वाचा. खरी शक्ती त्या आकड्याच्या आतच असणार.

पाटाची फळी

ॲम्प्लिफायर, म्हणजे मराठीत विवर्धक, नेमके करतो तरी काय? मोबाइलच्या खाचेतून येणारा गाण्याचा विद्युत् संकेत एक व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, आणि त्याच्यामागे ताकद फारच थोडी असते. तो कानातले छोटे हेडफोन हलवील, पण आठ इंची स्पीकरचा पडदा हलवू शकणार नाही.

शेतातला पाट आठवा. पाटाच्या तोंडाशी एक लाकडी फळी असते. लहान मूलसुद्धा ती वर-खाली करू शकते. फळी वर केली की पाणी धो धो वाहते, खाली केली की थांबते. मुलाचा हात पाणी निर्माण करीत नाही. पाणी मागच्या बंधाऱ्यातले असते. हात फक्त त्याला हुकूम देतो. ट्रान्झिस्टर हीच फळी आहे. गाण्याचा दुबळा संकेत ती फळी सेकंदाला शेकडो-हजारो वेळा हलवतो आणि विजेच्या साठ्यातला मोठा प्रवाह त्याच तालावर स्पीकरमध्ये जातो. ही किमया आधी काचेच्या नळीतून, म्हणजे व्हॉल्व्हमधून साधली. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये केलेली 'ऑडिऑन' नळी ही तिची सुरुवात. पुढे १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि त्याबद्दल बार्डीन, ब्रॅटेन व शॉक्ली यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

फळीच्या दृष्टांतातून आणखी एक गोष्ट समजते. फळी पूर्ण वर उचलली गेली की त्यापुढे पाणी वाढणार नाही, तुम्ही कितीही जोर लावा. ॲम्प्लिफायरचेही तसेच. आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले की लाटेचे शेंडे कापले जातात. मग लताबाईंचा आवाजही फाटक्या कर्ण्यासारखा ऐकू येतो. हा दोष गाण्याचा नाही, आणि बहुधा स्पीकरचाही नाही. साठाच अपुरा पडला आहे.

बॅटरीवर किती वॉट निघतील?

आता एक छोटे गणित करू. त्यामुळे दुकानातले अर्धे दावे तुम्ही उभ्या उभ्या तपासू शकाल.

शक्ती = (व्होल्ट × व्होल्ट) ÷ ओहम, हे सूत्र तुम्हाला माहीत आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा साधा ॲम्प्लिफायर घ्या. लाट मध्यापासून ६ व्होल्ट वर आणि ६ व्होल्ट खाली जाऊ शकते. अशा लाटेचे परिणामी मूल्य ६ ÷ १.४१, म्हणजे सुमारे ४.२५ व्होल्ट होते. स्पीकर ४ ओहमचा असेल तर शक्ती येते १८ ÷ ४ = ४.५ वॉट. बस्स! एवढीच.

यावर इंजिनिअरांनी एक युक्ती काढली. स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक ॲम्प्लिफायर लावायचा. एक वर ओढतो तेव्हा दुसरा खाली ढकलतो. स्पीकरला दुप्पट व्होल्ट मिळतात. व्होल्ट दुप्पट झाले की शक्ती चौपट होते, म्हणजे १८ वॉट. भारतात घरोघरच्या जुळवलेल्या ॲम्प्लिफायरांत वर्षानुवर्षे बसत आलेला 'एल.ए. ४४४०' हा चिमुकला आयसी पाहा. त्याच्या माहितीपत्रात दोन स्पीकरांना प्रत्येकी ६ वॉट, किंवा जोडपद्धतीने एकाला १९ वॉट असे लिहिलेले असते. मोटारीची बॅटरी १२ पेक्षा थोडी जास्त व्होल्ट देते, शिवाय मोजताना आवाज काहीसा फाटू दिलेला असतो, म्हणून हे आकडे आपल्या गणिताच्या जरा वर आहेत. पण गणित आणि वस्तुस्थिती एकमेकींच्या किती जवळ आल्या, ते पाहा! आता कोणी '१२ व्होल्टवर ४ ओहमला २०० वॉट' असे सांगू लागला, तर वहीवर हेच गणित मांडा.

खरोखर लागतात किती?

इथे तुम्हाला आश्चर्य वाटेल. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि आपला कान बेरजेने नव्हे, गुणाकाराने ऐकतो. शक्ती दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. हा फरक कानाला जाणवतो, पण जेमतेम. आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे शक्ती दहापट!

स्पीकरच्या मागे किंवा माहितीपत्रात '८८ डेसिबल, १ वॉट, १ मीटर' असे लिहिलेले असते. याचा अर्थ, १ वॉट दिला तर १ मीटरवर ८८ डेसिबल आवाज येईल. साधे बोलणे १ मीटरवर सुमारे ६० डेसिबल असते. आता तुमच्या ओटीवर स्पीकरपासून तीन मीटरवर आजोबा बसले आहेत असे समजा. अंतर दुप्पट झाले की मोकळ्यावर ६ डेसिबल कमी होतात, या हिशेबाने तीन मीटरवर साडेनऊ डेसिबल कमी होतील. म्हणजे १ वॉटला त्यांना साडेअठ्ठ्याहत्तर डेसिबल मिळतील. भजन चांगले मोठ्याने, ७५ डेसिबलने ऐकायचे म्हटले तरी अर्धा वॉट पुरे! मात्र मृदंगाची थाप आणि टाळांचा ठेका सरासरीपेक्षा खूप वर उसळतात. त्यांच्यासाठी १५ डेसिबलची जागा राखून ठेवू. तरीही हिशेब १४ वॉटवर थांबतो. घराच्या भिंती आवाज परतवतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहूनही थोडे कमी लागते.

सारांश, बारा बाय पंधराच्या खोलीला दर बाजूस खरे १५ ते २० वॉट भरपूर झाले. उरलेले आकडे खोक्याचे.

आता पैशाचा प्रश्न. ८८ डेसिबलऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला तर काय होईल? तोच ॲम्प्लिफायर दुप्पट वॉटचा असल्यासारखा वाजेल. सर्वसाधारण स्पीकर विजेतला फार थोडा भाग आवाजात बदलतो. ८८ डेसिबलच्या स्पीकरला १ वॉट दिला तर त्यातले सुमारे ४ मिलिवॉट तेवढे आवाज होतात, बाकी सगळी उष्णता. म्हणून हातात मोजके पैसे असतील तर ते जास्त वॉटवर न घालवता चांगल्या स्पीकरवर घाला. आणि पावसात पत्र्याचा कडकडाट गाण्यावर कुरघोडी करू लागला, तर आवाज वाढवण्यापूर्वी स्पीकर निम्म्या अंतरावर आणा. सुमारे ६ डेसिबल फुकट मिळतील. एवढ्यासाठी ॲम्प्लिफायर चौपट शक्तीचा घ्यावा लागला असता.

ओहमची जोडी

पुष्कळ ॲम्प्लिफायर स्पीकर जोडताना मरतात. मागे '४ ते ८ ओहम' असे लिहिलेले असते. एका जागी ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर एकूण रोध ४ ओहम होतो. हे चालेल. पण ४ ओहमचे दोन समांतर जोडले तर २ ओहमच उरतात, प्रवाह दुप्पट होतो, ट्रान्झिस्टर भाजू लागतो. शेजाऱ्यांकडून गणपतीपुरता आणखी एक स्पीकर आणून तो सरळ जोडून टाकणे, ही नेहमीची चूक आहे. असे दोन स्पीकर एकसर जोडा. रोध ८ ओहम होईल. आवाज थोडा उतरेल, पण यंत्र वाचेल.

याच ठिकाणी माझी एक चूक सांगतो. मी शाळेत असताना आमच्या ॲम्प्लिफायरचा फ्यूज सारखा उडत असे. तो का उडतो हे शोधण्याऐवजी मी त्याच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवली. त्या संध्याकाळी गाणे छान वाजले. भजन रंगात आले असताना ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला. वडील मला एक शब्दही बोलले नाहीत, पण पुढची दोन वर्षे आमच्या घरात गाणे वाजले नाही. ६० वॉटच्या यंत्राला जेमतेम पाव अँपिअर प्रवाह लागतो. त्याचा एक अँपिअरचा फ्यूज पुन्हापुन्हा उडतो, याचा अर्थ आत काहीतरी बिघडले आहे. फ्यूज उडाला की बिघाड शोधावा. जाड तार घातली तर बिघाड लपतो आणि आग लागते.

जुना प्रकार, नवा प्रकार

बाजारात आज मुख्यतः दोन प्रकारचे ॲम्प्लिफायर मिळतात. जुन्या 'ए-बी' वर्गातला ट्रान्झिस्टर फळी अर्धवट उघडी ठेवून काम करतो, त्यामुळे बरीच वीज उष्णतेत जाते आणि मागे ॲल्युमिनिअमचे पंखे बसवावे लागतात. नव्या 'डी' वर्गातली फळी एकतर पूर्ण उघडी असते, नाहीतर पूर्ण बंद. ती सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करते आणि किती वेळ उघडी राहिली यावर आवाज ठरतो. तिची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून तळहाताएवढी पट्टी जुन्या मोठ्या डब्याचे काम करते. 'टी.पी.ए. ३११६' हा अशा पट्ट्यांवरचा एक प्रसिद्ध आयसी साडेचार ते सव्वीस व्होल्टपर्यंत चालतो. लॅपटॉपचा जुना १९ व्होल्टचा अडॅप्टर त्याला छान जुळतो. मघाचे जोडपद्धतीचे गणित करून पाहा. १९ व्होल्टवर ८ ओहमला सुमारे २२ वॉट येतात. आपल्याला नेमके एवढेच हवे होते!

पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत पावसाळ्यात वीज वारंवार जाते. तिथे डी वर्गाचा आणखी एक फायदा आहे. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॉट-तास ऊर्जा असते. सरासरी १० वॉट घेणारा ॲम्प्लिफायर तिच्यावर सहा-सात तास सहज चालेल.

मग जुना प्रकार टाकाऊ ठरतो का? नाही. त्याचे सुटे भाग मोठे असतात आणि तालुक्याच्या गावातला रेडिओ दुरुस्त करणारा ते डाग देऊन बदलू शकतो. पट्टीवरचा मोहरीएवढा भाग बदलणे सोपे नाही. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, दोन्ही प्रकार मिळतील. पण बिघडल्यावर तुम्हाला महाडला जावे लागेल की मुंबईला, हे घेण्यापूर्वीच विचारा. स्वस्त वस्तूची दुरुस्ती दूर असेल तर ती स्वस्त राहत नाही.

ओल, झिणझिण्या आणि पूर

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूरवरून महाडला येते. ज्या डोंगरावर तिचा जन्म होतो तिथे वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या भागात हवा चार महिने ओलीच असते. त्यात धातूच्या जोडांवर गंज चढतो, बटण फिरवताना खरखर येते, कागदी पडदा सैल होतो. म्हणून यंत्र भिंतीला टेकवू नका, जाळीवर भरतकामाचे कापड घालू नका, आणि पावसाळ्यात ते आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालू ठेवा. त्याची स्वतःची ऊब त्याला सुकवते. याच उबेला पाली आणि मुंग्याही येतात, तेव्हा मागची भोके बारीक जाळीची असलेली बरी.

ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते हसण्यावारी नेऊ नका. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन अर्थिंगची असते. खोबणीत बसत नाही म्हणून ती कापणे म्हणजे आपल्या संरक्षणाची तारच कापणे होय. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून सदोष यंत्राला हात लावला तर जीव जाऊ शकतो. घरातले अर्थिंग परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासून घ्या.

महाडकरांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी असे नाही, तरी सांगतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात शहरातल्या असंख्य घरांचे तळमजले पाण्याखाली गेले. वर्षानुवर्षे पैसे साठवून घेतलेल्या वस्तू एका रात्रीत चिखल झाल्या. म्हणून तळमजल्यावर राहत असाल तर ॲम्प्लिफायर उंच फळीवर ठेवा आणि तारा अशा जोडा की एका मिनिटात सुटतील. मात्र पाणी चढू लागले की मेन स्विच बंद करायचा आणि माणसांनी वर जायचे. यंत्राच्या मागे कोणी थांबायचे नाही. पुरात बुडालेले यंत्र वरून सुकलेले दिसले म्हणून लावून पाहू नका. पाणी उडून जाते, गाळ आणि क्षार आतच राहतात आणि ते वीज वाहून नेतात. ते जाणकाराकडूनच उघडून घ्या, कारण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ वीज साठलेली असू शकते.

दुकानात काय पाहाल?

ओळखीचे गाणे बरोबर न्या. आधी काहीच न लावता आवाज निम्मा करा. स्पीकरमधून घूं घूं येत असेल तर विजेचा साठा नीट गाळलेला नाही. मग अगदी हळू आवाजात दोन्ही बाजू सारख्या वाजतात का ते पाहा. डग्ग्याचा घुमारा, बाईचा चढा सूर आणि पेटी या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत. अडॅप्टर असेल तर त्यावर भारतीय मानक ब्युरोचा 'आय.एस.' क्रमांक व 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. पक्के बिल घ्या.

आणि घरी आल्यावर शेजाऱ्यांचाही विचार करा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. तुमचे कानही तुमचेच आहेत. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत, ८८ डेसिबल ४ तास, ९१ डेसिबल २ तास अशी पायरी आखली आहे. दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट लागतात आणि कानाला परवडणारा वेळ निम्मा होतो, हे ध्यानात ठेवा.

करून पाहा

तुमच्या घरच्या इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो. शेजारी लिहिलेले असते, समजा, '३२०० इम्प/के.डब्ल्यू.एच.' म्हणजे एक युनिट वीज जळली की दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. भागाकार करा, एका लुकलुकीला ११२५ जूल आले. आता मोठ्यांना विचारून घरातले बाकी सगळे दिवे, पंखे, फ्रिज थोडा वेळ बंद करा. मीटरला हात न लावता, फक्त लांबून पाहत, ॲम्प्लिफायर नेहमीच्या आवाजात वाजू द्या आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ४५ सेकंद आले तर ११२५ ÷ ४५ = २५ वॉट. मग आवाज पूर्ण वाढवून पुन्हा मोजा. तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर त्या आकड्याने गणित करा.

आता शेवटचा प्रश्न. काकांचा डबा खरोखर ५००० वॉट घेत असता, तर हा दिवा सेकंदाला किती वेळा लुकलुकला असता? उत्तर काढा, आणि ते काकांना हळूच, त्यांचा हिरमोड होणार नाही अशा बेताने सांगा. पुढच्या वर्षी खरेदीला जाताना ते तुम्हाला बरोबर घेऊन जातील.